पापलेटाचं नाव न घेता केलेला नवस

तुम्ही चहा घ्या निवांत. साखर हवी तेवढी घाला, मी एक अक्षर बोलणार नाही. बघता काय असे? निम्म्या नागावला न विचारता सल्ले देणारा माणूस आज गप्प कसा, हेच ना? सांगतो. किस्सा सांगायला मला बंदी नाही, बंदी आहे ती सल्ला द्यायला. आणि ही बंदी कुणी घातलेली नाही. मीच एसटीचं तिकीट काढून पालीला गेलो आणि ती अंगावर ओढवून घेऊन आलो!

आमची इथे नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीतच थोड्या खोल्या बांधल्यात, त्या पर्यटकांना देतो. पंप कुठे अडतो, माड कधी शिंपायचा, पाहुण्याने समुद्रात कुठवर जायचं, सगळं मला कळतं. निदान गेल्या श्रावणापर्यंत तरी कळत होतं. तब्येत म्हणाल तर हातापायाने मी काटक. पोट तेवढं जरा पुढे. पण पोट म्हणजे खात्यापित्या घराची खूण, ते काय मोजायचं असतं?

मोजलं ते माझ्या बायकोने, सुलभाने. लेंगा शिवायला टाकायचा म्हणून माप घेतलं आणि टेप पुन्हा एकदा फिरवून पाहिली. माझे वडील अर्धांगाचा झटका येऊन पुढची कितीतरी वर्षं ओटीवरच्या पलंगावर पडून होते. त्यांचं सगळं सुलभानेच केलं. त्यामुळे तिने नुसतं म्हटलं, "अलिबागला दाखवून येऊ," तेव्हा मी वाद घातला नाही. मनात म्हटलं, चला, डॉक्टरच सांगेल हिला, नवरा ठणठणीत आहे म्हणून.

डॉक्टर निघाली अगदी तरुण पोरगी. मला काका म्हणाली. रक्त आदल्याच दिवशी दिलं होतं, त्याचे कागद तिच्यापुढे होते. मग मला आडवं केलं आणि दोन्ही दंडांना, दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले. म्हणे दर ठोक्याला हृदयातून रक्ताची एक लाट निघते, ती पायापर्यंत किती वेगाने पोचते ते हे यंत्र मोजतं. पट्टे फुगले, सुटले, यंत्रातून कागद बाहेर आला.

"काका, तुमची लाट फार वेगात जातेय," डॉक्टर म्हणाली.

मी पडल्या पडल्या सुलभाकडे असं पाहिलं, की बघ! आमच्या घराण्यात सगळंच वेगात असतं.

"वेगात जाणं चांगलं नाही, काका."

घ्या! आता इतक्या वर्षांत वेगाने पोचणं वाईट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने मला विचारलं, वाडीला पाणी कशाने देता? म्हटलं, पंप आणि पाइप. तर म्हणाली, नवा रबरी पाइप पंप सुरू झाला की जरा फुगतो, धक्का स्वतःच्या अंगात घेतो आणि पाणी सावकाश पुढे सोडतो. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला पाइप फुगत नाही. धक्का तसाच्या तसा टोकाला जातो आणि पाइप जोडावर फुटतो. हे तर मला पाठ होतं. असे दोन पाइप माझ्याच वाडीत पडलेत.

"तुमच्या रक्तवाहिन्या तशा ताठायला लागल्यात," ती म्हणाली. "तुम्ही चोपन्न वर्षांचे, पण त्या पासष्टीच्या वाटतात."

आणि हे काही नुसतं वयाने होत नाही म्हणे. साखर काठावर, रक्तातली चरबी वाढलेली, रक्तदाब थोडा वर, पोटाचा घेर जास्त, ही सगळी एकाच घरातली माणसं. एक आलं की मागोमाग बाकीची येतात आणि नसांचा लवचिकपणा घालवतात. शेवटी म्हणाली, तीन महिने जेवण सांभाळा, मग परत मोजू. नाहीच उतरलं तर गोळ्या.

"समजलं," मी म्हटलं आणि उठलो.

ती पुढे काहीतरी सांगत होती. सुलभा मान हलवत ऐकत बसली होती. बायकांना एकच गोष्ट दोनदा ऐकायची सवय असते, असा विचार करून मी बाहेर जाऊन चपला घातल्या. या चपला लक्षात ठेवा हं. सगळा घोटाळा त्या चपलांपाशी सुरू होतो.

आता तुम्हीच सांगा, आपल्या किनाऱ्यावर जेवण सांभाळायचं म्हटलं की पहिलं काय बंद होतं? कावीळ झाली, मासे बंद. घरात कार्य निघालं, मासे बंद. सोमवार आला, मासे बंद. देवाला काही मागायचं असेल तर मासे बंद. शुद्ध व्हायचं म्हणजे मासे सोडायचे, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. मग नसा ताठल्या तर काय बंद करायचं, हे डॉक्टरला कशाला विचारायचं?

पण नुसतं सोडून भागणार नव्हतं. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली. होड्या समुद्रात उतरलेल्या, बंदरावर पापलेट यायला लागलेली. नुसत्या मनाच्या जोरावर मी श्रावण कसाबसा काढला असता, पण गौरी गेल्यावर पहिल्याच सकाळी टोपलीपुढे बसलो असतो. मी स्वतःला चांगला ओळखतो. म्हणून ठरवलं, या व्यवहारात पालीच्या बल्लाळेश्वराला मध्ये घ्यायचं. त्याच्यापुढे शब्द दिला की मागे फिरणं नाही.

पालीच्या एसटीत सुलभा म्हणाली, "अहो, डॉक्टर त्या दिवशी म्हणाल्या, की माशांचं..."

"समजलंय मला."

वडखळला तिने पुन्हा विषय काढला. मी म्हटलं, समजलंय. नागोठण्याला तिने नुसतं "अहो" म्हटलं, तर मी हात वर केला. त्यानंतर ती पाली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, पटलं हिला.

गाभाऱ्यासमोर उभा राहिलो, हातात नारळ. बाप्पाचे ते हिऱ्याचे डोळे माझ्याकडे बघताहेत. आणि ऐन वेळी अडचण आली. देवापुढे उभं राहून पापलेटाचं नाव कसं घ्यायचं? बरं दिसतं का ते? आजूबाजूला सोवळ्यातली माणसं, दूर्वांच्या जुड्या, आणि मी म्हणू, देवा, मी पापलेट सोडलं? सुरमई सोडली? जीभ वळेना. मग मी आपला मोघम पण खणखणीत आवाजात नवस बोललो.

"बाप्पा, मला जगात जे सगळ्यात प्रिय आहे, ते मी वर्षभर सोडलं. माझ्या नसा सैल कर."

शेजारी सुलभा होती. तिने शब्दन्‌शब्द ऐकला. पुजारीबुवांनी प्रसादाचा बेसनाचा लाडू दिला, तो मी तिथेच तोंडात टाकला. कामाला सुरुवात झाली!

आता पुढचे तीन महिने कोणते होते ते बघा. गणपती, पितृपक्ष, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी. म्हणजे पंचांगाने माझ्यासाठी ताटच वाढून ठेवलं होतं. मासा सोडलेल्या माणसाला दुसरं काही वर्ज्य नसतं, या विश्वासाने मी जेवत होतो. कालवण नाही तर नाही, वरण-भातावर तूप जरा सढळ. तळलेली तुकडी नाही, मग बटाट्याच्या काचऱ्या. उपासाला साबुदाण्याचे वडे. आणि गावात बातमी पसरल्यावर तर विचारू नका. भाऊंनी मासे सोडले, केवढा निश्चय, असं म्हणत शेजारपाजारच्या बायका वाट्या पाठवू लागल्या. नारळीभात आला, खीर आली, गूळखोबरं घातलेली घावनं आली, काकडीचं गोड धोंडस आलं. उकडीचे मोदक तर मी कधी मोजलेच नाहीत. नको कसं म्हणणार? मी तर व्रतस्थ माणूस!

आणखी एक झालं, ते माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. पूर्वी मी रोज पहाटे समुद्राच्या कडेकडेने चालत बंदरापर्यंत जायचो, मासळी निवडायला. चांगली लांबची चाल होती ती. मासेच बंद, तर बंदरावर कशाला जायचं? त्या वेळात मी ओटीवर बसून दुसरा चहा घेऊ लागलो, सोबत बटर.

बरं, स्वतःपुरतं ठेवलं असतं तर मी मी कसला? दिवाळीत पर्यटक आले. पुण्याचं एक कुटुंब, मुद्दाम मासे खायला आलेलं. मी त्यांना वाडीत नेलं, एका हातात नवा पाइप, दुसऱ्या हातात उन्हाने वाळलेला जुना, आणि दोन्ही वाकवून दाखवले. म्हटलं, ही तुमची नस आज, आणि ही तुमची नस मासे खाल्ल्यावर. ते बिचारे घाबरले. सुलभाने सकाळपासून खपून केलेलं सुरमईचं ताट तसंच राहिलं आणि त्या माणसांनी बटाट्याची भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एक दिवस आधीच खोली सोडून गेले. सुलभा माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, थकली असेल.

आमच्या आळीतल्या घरांमधूनही मी पाइप घेऊन फिरलो. लोक माझं ऐकतात हो, तीच तर पंचाईत. एकेक घर मासे कमी करायला लागलं.

मग एके सकाळी पारूबाई घरी आली. पारूबाई म्हणजे बंदरावर जिच्याकडून मी इतकी वर्षं मासळी घेतली ती कोळीण. रिकामी टोपली अंगणात ठेवली आणि कमरेवर हात.

"भाऊ, तुजी नळी तू कडक ठेव न्हाय तर मऊ ठेव, मना काय त्याचा? पन माजी टोपली कशाला बुडवतंस?"

मी तिला खाली बसवलं आणि लाटेचा वेग समजावून सांगितला. पाइप आणायला उठलोसुद्धा. तेवढ्यात ती टोपली उचलून निघून गेली. जाताना सुलभाशी फाटकापाशी काहीतरी बोलली. दोघी हसल्या. माझ्यावर हसल्या असतील असं वाटायचं काही कारण नव्हतं.

तीन महिने झाले. अलिबागला मी ताठ मानेने गेलो. नवा शर्ट घातला होता, जुन्याची बटणं लागत नव्हती. पट्टे बांधले, कागद आला. डॉक्टरने तो एकदा पाहिला, रक्ताचे कागद पाहिले, मग पुन्हा तो पाहिला.

"काका, लाट आणखी वेगात जातेय. साखर वाढली, चरबी वाढली, वजनही वाढलंय. तुम्ही खाता काय?"

मी मोठ्या अभिमानाने सांगायला घेतलं. मासे पूर्ण बंद, डॉक्टर. एक काटासुद्धा नाही. बाकी आपलं साधं, भात, तूप, बटाटा, साबुदाणा, सणाचं गोडधोड. ती लिहीत होती. साबुदाण्यापाशी तिचं पेन थांबलं.

"मासे कुणी बंद करायला सांगितले?"

"तुम्हीच. जेवण सांभाळा म्हणालात ना."

"मी म्हटलं होतं, मासे तेवढे राहू द्या. तळून नको, कालवण करून खा, भाकरीबरोबर. भात निम्मा करा, गोड बंद करा आणि रोज चाला." मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा बाहेर चपला घालत होतात."

मी सुलभाकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मी बसले होते."

मग डॉक्टरने मला सगळं नीट सांगितलं आणि या वेळी मी खुर्चीला धरून बसलो. रक्तात साखर जास्त दिवस मुक्काम करून राहिली, की ती नसांच्या भिंतीतल्या लवचिक धाग्यांना चिकटते. धागे एकमेकांत अडकतात, भिंत ताणली जात नाही. पोटावरची चरबी आणि रक्तदाब त्यात आपली भर घालतात. मला काही डोळ्यांपुढे येईना. सुलभा म्हणाली, "म्हणजे नारळाच्या वडीचा पाक जास्त आटला तर वडी वाकत नाही, मोडते, तसं." डॉक्टर म्हणाली, अगदी तसं. म्हणजे मी तीन महिने आतून नारळाची वडी थापत होतो म्हणा ना. आणि जे एक चांगलं माझ्या ताटात होतं, ते वाजतगाजत देवाला देऊन आलो होतो.

"उद्यापासून मासे सुरू करा," डॉक्टर म्हणाली.

"नाही करता येणार," मी म्हटलं. "नवस आहे."

डॉक्टरने नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. तिच्या शिक्षणात याच्यावर औषध शिकवत नसावेत.

परतताना रिक्षात मी खरंच खचलो होतो. वडिलांचा पलंग डोळ्यांसमोरून हलेना. देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि शब्द पाळला तर डॉक्टरचं ऐकता येत नाही. मी सुलभाला तसं म्हटलं. तिने गोळ्यांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "मला मासे खाल्ले काय नि नाही खाल्ले काय, सारखंच. मला तुम्ही चालते-फिरते हवे आहात. मी घाबरलेय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई घाबरलेय असं कधी म्हणाली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मला बोलताच येईना, म्हणजे किती वाईट वाटलं असेल बघा.

"तुम्ही देवाला नक्की काय म्हणालात?" तिने विचारलं.

"मला जगात जे सगळ्यात प्रिय आहे, ते सोडलं म्हणालो."

"मग ते मासे कशावरून?"

मी म्हटलं, मग काय? माशांपेक्षा मला प्रिय असं आहे काय जगात? ती म्हणाली, मासे तर तुम्ही तीन महिने सहज सोडलेत. यापेक्षा प्रिय काहीतरी आहे, त्याच्याशिवाय तुम्हाला घटकाभर करमत नाही. मी विचार करत होतो. तेवढ्यात रिक्षा चढाला लागली आणि इंजिन घरघरायला लागलं. मी पुढे वाकून त्या रिक्षावाल्याला म्हटलं, अरे, आधीच गिअर टाकायला हवा होतास, आणि हवा कमी आहे तुझ्या मागच्या चाकात, आणि हे बघ, पेट्रोल नेहमी सकाळी भरावं...

सुलभाने मान वळवली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. रिक्षावाला आरशातून बघत होता. माझा हात रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपाच्या दिशेने वर केलेला तसाच हवेत.

"सल्ला," ती म्हणाली. "अख्ख्या नागावला माहीत आहे. देवाला तर पहिल्या दिवसापासून माहीत असणार. म्हणून तर नसा सैल केल्या नाहीत त्याने, तुम्ही सोडलंयच कुठे अजून?"

पापलेटाचं नाव घ्यायला लाजलो नसतो तर माझ्या बाजूला कागद पक्का असता. पण मोघम बोललो आणि तिच्या तावडीत सापडलो. दुसऱ्या दिवसापासून मासे सुरू, सल्ला बंद, येत्या श्रावणापर्यंत. भात निम्मा झाला, गोडाच्या वाट्या सुलभा फाटकातूनच परत पाठवते, आणि मी पुन्हा पहाटे चालत बंदरावर जातो. परवा परत मोजलं. लाट मंदावली आहे. डॉक्टर म्हणाली, असंच चालू ठेवा. तिला आणखी चांगलं यंत्र कुठलं घ्यावं ते सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

हे सगळं जमलं हो. पण सगळ्यात अवघड काय आहे सांगू? मासळीची पारख करण्यात आमच्या आळीत माझा हात धरणारा कुणी नाही. गलफडाचा रंग दिसला की मी सांगतो, मासा कधीचा. मासे सुरू केले त्या पहिल्या सकाळी सुलभा मुद्दाम माझ्याबरोबर बंदरावर आली होती. पारूबाईने टोपलीतून बांगडे काढून माझ्यापुढे त्यांचे वाटे मांडले. डोळे आत गेलेले, गलफडं फिकी, बोट दाबलं तर खड्डा तसाच. कालचा माल, रात्रभर बर्फात ठेवलेला. मी तोंड उघडलं. मागे सुलभा खाकरली. तिने पारूबाईला नवसाचं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, हे त्या दोघींच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं.

"भाऊ, कसा हाय बांगडा?" पारूबाईने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

"मंग दोन वाटं घे."

घेतले. त्या दिवसापासून, सांगू का, आमच्या बंदरावर पारूबाईचा कालचा माल कधी वाया जात नाही.